पाठदुखीसाठी स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया: निर्णय घेण्यापूर्वी

ताई, तुमचे दुखणे खरे आहे. 'वजन कमी करा' एवढे सांगून ते कोणी उडवून लावू नये. मी ही शस्त्रक्रिया करून घेतली, त्याआधी माझ्या खांद्यांवर करंगळी बसेल अशा ब्राच्या पट्ट्यांच्या खाचा पडल्या होत्या आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये स्तनांखालची त्वचा घामाने इतकी सोलून निघे, की सुती रुमालाची घडी ठेवल्याशिवाय भाकरी थापायला उभे राहवत नसे.

सर्वप्रथम कारण नक्की करा. मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग दुखत असेल, तर ते स्तनांच्या भाराने असू शकते; मात्र कमरेतून पायात कळ उतरत असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. योग्य मापाची ब्रा आणि काही महिने फिजिओथेरपी, हे दोन्ही मनापासून करून पाहा.

सुरुवातीला होणाऱ्या चुका बहुधा या:

- मिश्रीची (भाजलेल्या तंबाखूची) सवय डॉक्टरांपासून लपवणे. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम नीट भरत नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान 4 आठवडे आधीपासून, आणि नंतरही, ती पूर्ण बंद हवी. आपल्याकडे अनेक घरांत ती लावली जाते, म्हणून हे आवर्जून सांगते.
- पुढे मूल हवे असताना घाई करणे. स्तनपान अवघड होऊ शकते.
- कायम राहणाऱ्या व्रणांबद्दल आणि स्तनाग्राची संवेदना कमी होण्याबद्दल न विचारणे.

शस्त्रक्रिया प्लास्टिक सर्जनकडूनच करून घ्या आणि विम्याची मंजुरी आधीच लेखी मागा. शस्त्रक्रियेनंतर साधारण 4 ते 6 आठवडे भरलेली बादली उचलायची नाही, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.