वाचकांचे प्रश्न : न फिरणारी मोटार आणि पेल्यात चढणारं पाणी

प्रश्न : आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत सहावी ते आठवीच्या शिक्षकांकडून सेलवर चालणारी मोटार करून घेतली. निम्म्या मोटारी फिरल्याच नाहीत. काय चुकलं असेल? (केंद्रप्रमुख)

बहुतेक वेळा चूक तार खरवडण्यात होते. साहित्य माणशी एवढंच लागतं : दीड व्होल्टचा मोठा सेल, काळा फेराइट चुंबक, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेला रबरी पट्टा आणि २२ गेजची इनॅमलची (वीज अडवणारा लेप दिलेली) तांब्याची तार, एक मीटर. तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळेल.

दोन्हीकडे चार-चार सेंटीमीटर टोकं सोडून तार सेलभोवतीच गुंडाळा. आठेक वळसे बसतात. टोकांचे पीळ देऊन वेटोळं बांधून घ्या. टोकं एकमेकांसमोर, एका रेषेत यायला हवीत. रबरी पट्टा सेलच्या दोन्ही टोकांवरून ताणून बसवा आणि दोन्ही टोकांना त्याखाली एकेक पिन अशी उभी खोचा की तिचं गोल भोक वर राहील. चुंबक सेलच्या पाठीवर ठेवा.

आता खरं काम. एक टोक ब्लेडने सगळ्या बाजूंनी खरवडा. दुसऱ्या टोकासाठी वेटोळं टेबलाच्या काठाशी उभं धरा आणि टोकाची फक्त वरची अर्धी बाजू खरवडा. खालचा लेप राहू द्या. मग तारेची टोकं पिनांच्या भोकांत अडकवा. शिक्षक हमखास इथे चुकतात, कारण तार दोन्हीकडे चकचकीत केली की काम नीट झालंय असं वाटतं. पण मग प्रवाह अखंड चालू राहतो, अर्ध्या फेऱ्यानंतर जोर उलट दिशेने लागतो आणि वेटोळं जागच्या जागी डुलत बसतं. लेप असेल तर तेवढ्यापुरता प्रवाह तुटतो, वेटोळं आपल्या वेगानेच पुढे जातं आणि पुन्हा ढकललं जातं.

बाकी कारणं किरकोळ आहेत. वेटोळं एका अंगाला जड असेल, पिनेवर रंग असेल किंवा सेल उतरला असेल. उतरलेला सेलही मल्टिमीटरवर दीडच्या जवळपास दाखवू शकतो, म्हणून वेटोळं जोडलेलं असतानाच मोजा. सुरुवातीला बोटाने हलका धक्का लागतोच. तारेचा रोध फार कमी असल्याने सेल झपाट्याने तापतो. मोटार थांबली असेल तर वेटोळं लगेच काढून ठेवा.

एक आग्रहाची विनंती : अडलेली मोटार साधन व्यक्तीने (प्रशिक्षण देणाऱ्याने) दुरुस्त करून देऊ नये. ती फिरणाऱ्या मोटारीशेजारी ठेवा आणि फरक शोधायला पंधरा मिनिटं द्या. हीच अडचण उद्या वर्गात येणार आहे.

प्रश्न : ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती लावून पेला पालथा घातला की पाणी वर चढतं. पेल्यातला एक पंचमांश ऑक्सिजन जळून गेल्याचा हा पुरावा मानावा का? (सातवीच्या शिक्षिका)

नाही. प्रयोग छान आहे, पण निष्कर्ष चुकीचा. तोच पेला आधी एका, मग तीन मेणबत्त्यांवर पालथा घाला. तीन असताना पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! शिवाय पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावर भराभर चढतं. ज्योतीने पेल्यातली हवा तापते, पसरते आणि काही बाहेर जाते. काठाशी बुडबुडे दिसतात ते तिचेच. विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पाण्यात थोडी हळद टाकली तर पातळी मागच्या बाकापर्यंत दिसेल.

प्रश्न : असं एक दिवसाचं प्रशिक्षण पुरतं का?

आमच्या मते पुरत नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांमधून सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिक्षणाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षक उन्हाळ्यात काही आठवडे स्वतः सगळे प्रयोग करत आणि नंतर दर महिन्याला एकत्र बसून वर्गात अडलेल्या गोष्टी मांडत. २००२ साली तो बंद झाला, याची हळहळ वाटते. तेवढे आठवडे तुम्हाला मिळणार नाहीत, पण महिन्याची शिक्षण परिषद तुमच्याकडे आहेच. त्यात एकच प्रयोग घ्या आणि पहिला अर्धा तास मागच्या महिन्यातला प्रयोग वर्गात कुठे फसला, यासाठी राखा. फसलेलं साहित्य सोबत आणायला सांगा. नुसत्या वर्णनावरून तारेवरचा लेप कुठे राहिलाय ते कळत नाही.