वाऱ्याच्या दिवशी फॅमिली घेऊन गरवायला जाताना

अरे पोरा,

मेसेज वाचला तुझा. रविवारी आईवडील, आजी आणि दोन पोरं असं गरवायचं, म्हणजे गळाने मासे पकडायचं, बुकिंग घेतलंयस आणि अॅपवर दुपारी 14 नॉट (ताशी 26 किमी) वारा दाखवतंय, कॅन्सल करू का विचारतोयस. कॅन्सल नको, ट्रिप छोटी कर. सहाला जेटीवर बोलाव, साडेदहाच्या आत परत आण, आणि खाडी सोडून बाहेर जायचं नाही हे आदल्या रात्रीच फोनवर सांगून टाक. बोटीत बसल्यावर सांगितलं की वाद होतो, फोनवर सांगितलं की नियम वाटतो.

मालवणजवळच्या या देवबागला आपलं नशीब चांगलं आहे, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. थंडीत पहाटे वारा जमिनीकडून येतो, शाळेत घोकलेले ते मतलई वारे, तेव्हा बोट पलीकडच्या काठाला कांदळाच्या आडोशाला ठेव. मग दहाच्या सुमारास वारा पडतो, खाडी तेल ओतल्यासारखी होते आणि नेमकं तेव्हाच गेस्टमधले पप्पा म्हणतात, आता तर काहीच वारा नाही, जरा बाहेर चक्कर मारूया ना. फसू नकोस. थोड्या वेळात वायव्येचा खारा वारा धरतो आणि फेब्रुवारीनंतर तर तो सूर्य बुडेपर्यंत ऐकत नाही. उशीर झालाच तर देवबागच्या बाजूला ये, वर झावळ्या नाचत असतात आणि खाली काठालगत पाणी गप्प असतं. साधारण 10 नॉटला पाणी पांढरं फुटायला लागतं, ते दिसलं की अॅप खिशात ठेव आणि डोळ्यांवर विश्वास ठेव.

खाडीच्या मुखाचं, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथलं, नीट समजून घे. तिथे नुसता वारा घात करत नाही, ओहोटी आणि वारा समोरासमोर आले की घात होतो. खाडीचं पाणी बाहेर ओढतंय, वारा आत ढकलतोय, मग लाटा आखूड आणि उभ्या होतात. जुनी माणसं तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची ना, ते अजून अंदाजाला चालतं (आपल्याकडे थोडं मागेपुढे होतं, भरती-ओहोटीचं टेबल बघच). अमावस्या-पुनवेला भरती दुपारच्या आसपास, म्हणजे वारा जोरात असतो त्याच वेळी उधाणाची ओहोटी सुटते. अष्टमीला भांग असतं, म्हणजे भरती-ओहोटी लहान, ओढ कमी, तेव्हा एवढा त्रास नाही.

हे मी शिकलो ते चूक करून. पुनवेनंतरची द्वितीया, दुपारचे तीन, गेस्ट पुण्याचे, पप्पांनी चोणक (मोठा शिकारी मासा) पकडल्याचे व्हिडिओ बघितलेले आणि मुखावरच जायचं म्हणून हट्ट. आमचे जेटीवरचे म्हातारे ओरडले पण होते, भायर जाव नको रे. मी गेलो, कारण अॅडव्हान्स खिशात होता आणि नाही म्हणायची लाज वाटली. तिसऱ्या लाटेला नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर गेली आणि आपटली, आजीच्या मांडीवर बादलीभर पाणी. कोणाला काही झालं नाही, दहा मिनिटांत आत वळवली. पण त्यांची आठेक वर्षांची मुलगी, जी सकाळपासून मासा मासा करत होती, तिने परत रॉडला हात लावला नाही. कूलबॉक्सची कडी धरून बसली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत. पप्पा हसत होते, मला मात्र हसू येईना.

पोरांना चोणक नको असतो रे, त्यांना काहीतरी हलायला हवं असतं. वाळूच्या तळाला मुडदुशी (छोटा मासा) बघ, छोटा गळ, कोळंबीचा नखाएवढा तुकडा, एक शिसं आणि टक टक लागलं की पोरगं किंचाळतं. पोरांच्या रीलवर बारीक ब्रेड (विणलेली लाइन) भरू नकोस, वाऱ्यात सैल पडते आणि असा गुंता होतो की सकाळ त्यातच जाते, साधी 8-10 पाउंडची मोनो (एकेरी नायलॉनची लाइन) दे. टाकल्यावर रीलची तार हाताने बंद करायला आणि लाइन ताणून घ्यायला शिकव. वारा जातो त्याच दिशेला टाकू दे, हातही खालूनच, डोक्यावरून नाही. मोठ्यांना लूअर (नकली आमिष) टाकायचा असेल तर जिग हेड (शिशाचं डोकं असलेला गळ) रोजच्यापेक्षा जड लाव, 5 ग्रॅमचं वाऱ्यात फुलपाखरू होतं.

आणि बसवताना बघ, उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर वारा यायला हवा. उजवीकडून आला तर गळ त्याच्याच कानाकडे येतो किंवा मागच्या आजीकडे. एका वेळी एकानेच टाकायचं. सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने घरीच दाबून ठेव, मासे थोडे सुटतील, सुटू देत.

लाइफ जॅकेट घातल्यावर पोराला खांद्याच्या पट्ट्यांनी वर उचलून बघ, जॅकेट कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, दुसरं दे. हे आईसमोर कर, अर्धी काळजी तिथेच उतरते. शेंगाळा (काटे टोचणारा मिशाळ मासा) लागला तर कोणालाही हात लावू देऊ नकोस, पकडीने तूच काढ. काटा टोचलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात हात धरायचा, म्हणून एक थर्मास फक्त त्यासाठी, त्यात चहा करून पिऊ नकोस मागच्या वेळसारखा. कोणाला मळमळलं तर मोबाइल काढून घे, दूर काठाकडे बघायला लाव. मुख्य म्हणजे उलटी झाली तर तू तोंड वाकडं करू नकोस, बिचारे आधीच शरमलेले असतात.

नांगर कायम नाळेवरून, मागून कधीच नाही. वाऱ्यात दोरी खोलीच्या सात पट तरी सोड. नांगर न टाकता वाहत जायचं असेल तर नाळेला बादली बांधून पाण्यात सोड, बोट सावकाश सरकते आणि पोरांना तळ लागतो.

बादली माझी निळी घेऊन जा, पडवीत आहे. कडी एका बाजूने निसटते, दोरी तिथे बांधू नकोस, भोक पाडलंय त्यातून ओव. रविवारी परत आलास की जेटीवरूनच फोन कर.

तुझा काका