कन्याशाळा की मिश्र शाळा?

प्रश्न : बाई, आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. जूनपासून मुलगी आठवीला तालुक्याला जाईल. तिथे एक कन्याशाळा आहे आणि एक मुलामुलींचं हायस्कूल. तिला गणित-विज्ञान आवडतं, पण ती फार बुजरी आहे. सासूबाई आणि यजमान म्हणतात, कन्याशाळाच बरी, मुलांच्या संगतीत अभ्यास बिघडेल. मला ते पटत नाही. काय करावं?
– एक आई, जि. सातारा

उत्तर : ताई, मी आधी कन्याशाळेत आणि मग मिश्र हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. मिश्र वर्गात प्रयोगाला गट पाडले की स्पिरिटचा दिवा आणि परीक्षानळी मुलांच्या हातात जाते, मुली जर्नल उघडून आकृती काढायला बसतात. कुणी तसं सांगितलेलं नसतं. आकृत्या सुबक येतात, खाली ‘छान’ असा शेरा पडतो, आणि दहावी झाली तरी त्या मुलीने अ‍ॅमीटर एकदाही जोडलेला नसतो! कन्याशाळेत वायर सोलणं, सेल जोडणं, बल्ब लागला नाही तर चूक शोधणं, सगळं मुलींवरच. बाकं त्याच उचलणार, बँडपथकातला मोठा ड्रमही एखादीच्याच गळ्यात. बुजऱ्या मुली तिथे लवकर मोकळ्या होतात, हे खरं.

तरी मी मिश्र शाळाच सुचवेन. १८४८ साली भिडेवाड्यात किंवा १८८४ साली हुजूरपागेत मुलींची वेगळी शाळा काढावी लागली, कारण त्याशिवाय लोक मुलीला घराबाहेर पाठवायलाच तयार नव्हते. तुमची मुलगी आज तुमच्या गावात मुलांबरोबरच शिकते आहे. पुढे अकरावीला सायन्स घेतलं तर पुन्हा मुलं शेजारी असणारच. मध्येच तीन वर्षं वेगळं कशाला? वेगळ्या शाळेने गुण वाढतात, हेही गृहीत धरू नका. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आठ संशोधकांनी त्या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं लिहिलं होतं.

मात्र शाळा पाहून घ्या. नावाला मिश्र, पण मैदान मुलांचं आणि मुली जिन्यात डबा खातायत, अशाही शाळा आहेत. विज्ञानाच्या सरांना सरळ विचारा, प्रयोग कोण करतं? आमच्याकडे शेवटी नियमच केला होता : या वेळी ज्याने प्रयोग केला, त्याने पुढच्या वेळी फक्त लिहायचं. मुलींचं स्वच्छतागृहही आत जाऊन बघा, पाणी आहे का, कडी लागते का.

यजमानांना सांगा, कन्याशाळेच्या फाटकासमोर सायकली लावून उभी राहणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

आणि परतीच्या एसटीची वेळ विचारा. पास मुलींना मोफत मिळतो, पण शाळा सुटल्यावर दोन तास स्टँडवर बसावं लागणार असेल, तर जिची वेळ जुळते ती शाळा घ्या, मग ती कन्याशाळा असली तरी.