देवळाच्या जीर्णोद्धारात वीरगळ आणि अक्षरं कोरलेला दगड निघालाय. पुढे काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रामदैवताच्या देवळाचा जुना पार उकरताना तीन वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि अक्षरं असलेली एक शिळा निघाली. ठेकेदार म्हणतो दगड नव्या बांधकामाच्या पायात घालू. मंडळातले काही जण म्हणतात ॲसिडने धुऊन सोनेरी रंग देऊ. अक्षरांत खडू भरूनही वाचता येत नाहीये. आणि सोबत निघालेली एक खंडित मूर्ती विसर्जित करायचं चाललंय.

पहिलं काम आजच करा. जेसीबी थांबवा आणि दगड निघाले तिथेच, तसेच पडू द्या. उलटा पडला असेल तर उलटाच. दगड कुठे, किती खोल, कोणत्या दिशेला तोंड करून होता ही माहिती एकदाच मिळते. दगड उचलून भिंतीला टेकवला की ती गेली. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे अंगणातल्या अंगणात त्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा देवळाचा एक कोपरा आणि विहिरीचा कठडा अशा दोन न हलणाऱ्या खुणांपासून टेपने अंतर मोजा. कागदावर ती दोन अंतरं एकमेकांना छेदतात तिथे दगड (छेद दोन बाजूंना पडतात, म्हणून दगड कोणत्या बाजूला तेही लिहा). जमिनीपासूनची खोली लिहा, उत्तर दिशा लिहा. फोटो चारही बाजूंनी आणि पाठीमागूनही हवेत, आणि फोटोत शाळेची पट्टी ठेवा. हाताच्या वितीवरून मागाहून माप निघत नाही. आसपास खापरं, विटा, नाणी निघाली तर वेगळ्या पिशव्यांत भरून आत खोलीची चिठ्ठी टाका. पाराच्या चिऱ्यांत दगड बांधलेला सापडला असेल तर तेही लिहा, कारण मग तो आधीच एकदा जागचा हललेला आहे आणि त्याची मूळ जागा पार नव्हे.

वीरगळावर किती कप्पे आहेत ते मोजा आणि प्रत्येकात काय दिसतं ते खालून वर लिहीत जा. साधारण क्रम असा: तळाला लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेताना, त्यावर शिवलिंगाची पूजा, टोकाला कलश आणि चंद्रसूर्य. तळाच्या कप्प्यात गाईगुरं असतील तर गोधन राखताना आलेलं मरण असू शकतं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचा दगड. गाढव आणि स्त्री असेल तर तो गद्धेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या आक्षीचा असा दगड प्रसिद्ध आहे. अशा दगडाला लोक लाजतात आणि पालथा टाकतात. तुमच्याकडे असला तर पालथा पडू देऊ नका, बऱ्याचदा लेख त्यावरच असतो. आणि एक विनंती: बहुतेक वीरगळांवर अक्षरच नसतं. तेव्हा फलक लावताना नाव न कोरलेल्या वीराला कुणा सरदाराचं नाव चिकटवू नका.

आता धुणं. ॲसिड नको, ब्लीचिंग पावडर नको, तारेचा ब्रश नको, प्रेशर वॉशर नको. बाथरूमच्या फरशीचं ॲसिड दगडातल्या खनिजांना खातं आणि आत क्षार सोडतं. पावसाळ्यानंतर दगड वाळताना ते क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि वरचा पापुद्रा सुटतो. कोरीव काम त्या पापुद्र्यातच असतं. साधं पाणी, मऊ केसांचा ब्रश, आणि माती मऊ होईपर्यंत ओलं कापड लावून धीर धरणं, एवढंच पुरे. शेवाळ निघतं. दगडफूल निघत नाही, ते खरवडलं तर दगडाचे कण घेऊनच येतं, राहू द्या. कोकणात दगड जांभा असेल तर ब्रशही हलक्या हाताने, जांभा बोटाने झडतो. शेंदराचे थर असले तर स्वतः काढायला जाऊ नका. तो लोकांच्या श्रद्धेचाही प्रश्न आहे आणि खालच्या दगडाचाही. जाणकार संवर्धकाचं काम आहे.

सोनेरी ऑइल पेंट हा माझ्या मते ॲसिडपेक्षाही वाईट, कारण तो देखणा वाटतो आणि म्हणून दर जत्रेला पुन्हा दिला जातो. दगड जमिनीतून ओल ओढतो, रंगामुळे ती बाहेर पडू शकत नाही. वर बारीक रेषा भरून जातात ते वेगळंच: नाक, डोळे, तलवारीची मूठ सगळं गुळगुळीत होतं.

खडूचं. खडूने (किंवा पिठाने, हळदीने) अक्षर भरताना तुम्ही दगड वाचत नाही, स्वतःचा अंदाज दगडावर लिहिता. एकदा ‘प’ म्हणून भरलेलं अक्षर पुढच्या दहा फोटोंत ‘प’च दिसतं, मूळ ‘ष’ असला तरी. पीठ भरलं तर बुरशीला खाऊ. खडू पाण्याने धुऊन काढा आणि रात्री हे करा:

शिळेसमोर कॅमेरा किंवा मोबाइल स्टँडवर पक्का बसवा, लेन्स दगडाला अगदी समोरासमोर. अंधार पडल्यावर एक टॉर्च घ्या आणि दगडाच्या पृष्ठभागाशी साधारण १५ अंशांचा कोन करून, अर्धा-एक मीटर दूरून, जवळजवळ घासून जाईल असा प्रकाश टाका. कॅमेरा न हलवता डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि चारही तिरप्या दिशांनी असे आठ फोटो. फ्लॅश बंद. आडवी रेघ वरच्या प्रकाशात उठते, उभी रेघ बाजूच्या. म्हणून एका फोटोवर वाचन करू नये. लेख मोठा असेल तर दोन-दोन ओळींचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्याची एक ओळ येऊ द्या. दिवसा दुपारच्या उन्हात काढलेले फोटो जवळपास निरुपयोगी असतात; सकाळी सातचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन चालतं.

कागदावर शाईचा ठसा घेण्याची जुनी रीत अजूनही उत्तम आहे: दगड धुऊन ओला करायचा, हातकागद भिजवून त्यावर बसवायचा, ताठ केसांच्या ब्रशने ठोकत तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, अर्धवट वाळला की कापडी बोळ्याने काजळीची शाई टेकवायची. पृष्ठभाग काळा, अक्षरं पांढरी. पण बोळा जास्त ओला झाला किंवा कागद फाटला की शाई दगडात मुरते. पहिल्यांदाच करणाऱ्याने हे खऱ्या शिळेवर शिकू नये. पापुद्रे सुटलेल्या दगडावर तर कुणीच करू नये.

वाचायला बसलात तर आधी काळ शोधा: ‘शके’ किंवा ‘सकु’, मग आकडे, मग संवत्सराचं नाव (साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला एक नाव असतं, पहिलं प्रभव). शकात ७८ मिळवले की इसवी सन (पौष ते फाल्गुन असेल तर बहुधा ७९). ताळा असा: शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरते तो प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलच्या लेखात शके ९४० आहे. ९५२ भागिले ६०, बाकी ५२, म्हणजे कालयुक्त, आणि लेखात कालयुक्तच आहे. ताळा जमला नाही तर बहुधा एखादा आकडा चुकीचा वाचलाय. त्याच लेखाच्या शेवटी ‘वांछि तो विजेया होईवा’ अशी ओळ आहे, जो वाचेल तो विजयी होईल. वाचन जमलं नाही तरी फोटो पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाकडे पाठवता येतात. धुतलेले, बिनखडूचे फोटो असले तर वाचणारा दुवा देईल.

दगड हलवावेच लागणार असतील तर आधी वजनाचा अंदाज घ्या. १२० सेंमी उंच, ४५ रुंद, २० जाड असा काळा पाषाण सव्वातीनशे किलोच्या घरात जातो. म्हणून लोक जेसीबीचा दात लावतात आणि कोपरा उडतो. तिपाई, चेनपुली आणि रुंद कापडी पट्टे आणा. तारेचा दोर थेट दगडाला नको. पहारीखाली लाकडाची फळी. कोरीव तोंड वर ठेवून, गोणपाटावर निजवून न्या.

उभा करताना जी चूक सर्रास होते ती सांगतो. वीरगळाचं बूड अनघड सोडलेलं असतं, तेवढंच जमिनीत जायला हवं. गवंडी ‘पक्कं बसावं’ म्हणून फूटभर जास्त गाडतो आणि वर सिमेंट ओततो. नेमका लढाईचा कप्पा काँक्रीटमध्ये जातो, आणि सिमेंट नंतर दगड फोडल्याशिवाय निघत नाही. खड्ड्याच्या तळाला खडीचा थर द्या, बुडाभोवती दगडी चिपा आणि वाळू ठासा, लागलंच तर चुना वापरा. बूड तुटलेलं असेल तर दगड उभा करण्याचा हट्ट सोडा आणि ओट्यावर भिंतीला किंचित कलता ठेवा. पन्हाळीखाली नको, पिंपळाच्या मुळांजवळ नको, आणि मागून माणूस जाईल एवढी जागा सोडा. पूजा बंद करायला सांगू नका, कुणी ऐकणार नाही. समोर एक वेगळा सपाट दगड बसवा. तेल, हळदकुंकू, नारळ त्यावर.

कागदपत्रांत फार वेळ घालवायचा नाही, पण टाळायचंही नाही. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते (निखात निधी कायदा, १८७८). मर्यादा अवघी दहा रुपये किमतीची आहे, त्यामुळे ‘हा साधा दगड आहे’ ही पळवाट चालत नाही. अर्ज तहसीलदारांमार्फत द्या, प्रत राज्य पुरातत्त्व विभागाच्या तुमच्या भागातल्या सहायक संचालकांना, आणि पोच घ्या. शंभर वर्षांहून जुनं दगडी शिल्प १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येतं, तेव्हा कुणी ‘संग्रहासाठी’ विकत मागितलं तर सरळ नाही म्हणा. देऊळ आधीच संरक्षित स्मारक असेल तर गोष्ट वेगळी, तिथे परवानगीशिवाय पारही उकरता येत नाही. केंद्राच्या स्मारकाभोवती तर १०० मीटरपर्यंत नवं बांधकामच बंद. या सगळ्यापेक्षा लवकर उपयोगी पडतो तो ग्रामसभेचा ठराव: दगडांची संख्या, मापं, फोटो जोडून. ट्रस्ट नोंदलेला असेल तर त्याच्या मालमत्तेच्या यादीतही चढवा. ठेकेदाराच्या करारात एक ओळ घाला की जुना घडीव दगड फोडायचा नाही आणि आवाराबाहेर न्यायचा नाही.

राहिली खंडित मूर्ती. पूजेतून काढायची असेल तर काढा, पण नदीत टाकू नका. वीरगळांच्या रांगेतच ओट्यावर ठेवा, तिथे ती पूजेची मूर्ती राहत नाही आणि शास्त्रही मोडत नाही. आधीच्या जीर्णोद्धारात काही विसर्जित केलं असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा कुठे ते. बहुधा देवळाजवळची बारव किंवा डोह निघेल. चैत्र-वैशाखात गाळ उपसतात तेव्हा तिथे एक माणूस टेप आणि मोबाइल घेऊन उभा ठेवा, आणि गाळाचा ट्रॅक्टर शेतात रिकामा होण्याआधी गाळ चाळून बघा.