आधी मुख्य क्रियापद पकड

अरे, सीसॅटच्या इंग्रजी उताऱ्यात तुझं घोडं अडतं ते शब्दांपायी नाही, लांबलचक वाक्यांपायी. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेतला हा पेपर 200 गुणांचा, पास व्हायला 33 टक्के पुरतात, तरी मी पहिल्या खेपेला त्यातच आपटलो. शब्दांच्या याद्या पाठ होत्या, उपयोग शून्य.

मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण पूर्णविरामापर्यंत वाट बघत बसतो. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग यायचं, पण मध्येच 'हू', 'विच'ची शेपटं घुसतात. हे बघ: 'द फार्मर हू सोल्ड हिज ऑनियन्स टू अ ट्रेडर हूज ट्रक ब्रोक डाउन निअर मनमाड इज स्टिल वेटिंग फॉर द मनी.' क्रियापदं तीन. 'हू'पासून 'मनमाड'पर्यंतचा तुकडा पेन्सिलीने कंसात टाक. उरलं काय? शेतकरी पैशाची वाट बघतोय, बस. आता कंस उघड. कोणता शेतकरी? ज्याने कांदा विकला तो. कोणाला विकला? ज्याचा ट्रक बंद पडला त्याला. शाळेत कंटाळून शिकलेलं मिश्र वाक्य इथे कामी येतं बघ.

'अनलेस', 'एक्सेप्ट' दिसलं की मात्र गोल कर. राज्यघटनेचं कलम 21 'नो पर्सन'ने सुरू होतं आणि 'एक्सेप्ट'पाशी वळतं. ते वळण चुकलं की अर्थच हुकला. स्वल्पविरामांचं फार मनावर घेऊ नकोस. सुरुवातीला रोज अग्रलेखातली दोनच वाक्यं अशी सोल, पण पेन्सिल हातात घेऊनच.