तलावातले खोटे खड्डे

प्रश्न : गावच्या पाझर तलावातला गाळ काढायचा म्हणून आम्ही चौघांनी डंपी लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून दर 20 मीटरला एक, असे 14 क्रॉस सेक्शन (तलावाचे आडवे छेद) घेतले. प्रत्येकात दर मीटरला आर.एल. (ठरवलेल्या पातळीपासूनची उंची) आहे. पायथनमध्ये ग्रिडडेटा (सुट्या बिंदूंमधल्या उंचीचा अंदाज काढणारं फंक्शन) वापरून तळाचं त्रिमितीय चित्र काढलं, तर मधला नाला सलग दिसायच्या ऐवजी खड्ड्यांची माळ दिसते. मोजणी चुकली का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : मोजणीवर खापर फोडू नका, घोळ त्रिकोणांचा आहे. तुमचे बिंदू आडवे 1 मीटरवर आणि लांबीत 20 मीटरवर, त्यामुळे ग्रिडडेटा जे त्रिकोण जोडतं ते सुईसारखे लांबट होतात. त्यात नाला वळणारा. पाचव्या सेक्शनला तळ बेसलाइनपासून (काठावरच्या मोजणीच्या मूळ रेषेपासून) 31 मीटरवर आणि सहाव्याला 44 वर असेल, तर तो एकच नाला हे त्याला कोण सांगणार? ते 31 च्या रेषेत नाकासमोर जातं, पुढे उंचवटा लागतो आणि नाला तिथेच बुजतो.

सर्व्हेच्या नोकरीत कॉन्टूर (समान उंचीच्या रेषा) हाताने काढायचो तेव्हा नाल्याचा तळ आधी पेन्सिलने जोडून घ्यायचो, बाकीचं मग. कोडमध्येही तेच करा. प्रत्येक सेक्शनचे दोन तुकडे पाडा : डावा काठ ते सर्वांत खोल बिंदू, आणि तिथून उजवा काठ. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या इंटर्पने (दोन बिंदूंमधली किंमत काढणाऱ्या फंक्शनने) प्रत्येक तुकड्याचे सारखे 30 भाग करा. एकूण 61 बिंदू झाले, आणि 31 वा बिंदू दर वेळी नाल्याचा तळ. असे 14 सेक्शन एकाखाली एक रचले की अंतर, चेनेज (तलावाच्या लांबीत मोजलेलं अंतर) आणि आर.एल. यांचे 14 बाय 61 चे तीन तक्ते मिळतात. ते तसेच प्लॉट सरफेसला, म्हणजे मॅटप्लॉटलिब या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीतल्या पृष्ठभाग काढणाऱ्या फंक्शनला द्या. जाळी समान अंतराचीच लागते हा गैरसमज आहे. फक्त आरस्ट्राइड आणि सीस्ट्राइड (ओळी आणि स्तंभ कितीच्या टप्प्याने घ्यायचे ते) 1 ठेवा, नाहीतर एका दिशेला 50 च्या वर बिंदू गेले की मॅटप्लॉटलिब आपल्या मनाने विरळणी करतं.

इंटर्पला अंतरं चढत्या क्रमानेच लागतात. माझ्याकडे एकदा निम्मे सेक्शन उजव्या काठाकडून वाचलेले आले होते. दुपारी ऊन फिरलं, तशी स्टाफ (मोजपट्टीचा दांडा) धरणाऱ्याने बाजू बदललेली! इंटर्पने हूं की चूं केलं नाही, मुकाट भलतेच आकडे दिले. माझे दोन दिवस त्यात गेले. प्रवाहाच्या दिशेला तोंड केलं की डाव्या हाताला तो डावा काठ, एवढं ठरवून आधी सगळे सेक्शन एका दिशेचे करून घ्या.

तुमचा तलाव 260 मीटर लांब. रुंदी 90 आणि खोली 4 धरली, तर खऱ्या प्रमाणात तो परातीसारखा सपाट दिसेल. सेट बॉक्स अॅस्पेक्टमध्ये (चित्राच्या तिन्ही बाजूंचं प्रमाण) 90, 260, 40 द्या, आणि आर.एल.चा अक्ष बरोबर 4 मीटरचाच ठेवा. उंची दहापट होईल. मात्र चित्रावर ‘उंची दहापट’ असं ठळक लिहा, नाहीतर ग्रामसभेत कुणीतरी विचारणारच, एवढी विहीर कधी खणली?

गाळाचं परिमाण मात्र या चित्रावरून काढू नका. प्रत्येक सेक्शनमध्ये आजचा तळ आणि खोदायची पातळी यांच्यामधलं क्षेत्रफळ काढा. पाचव्यात 42 आणि सहाव्यात 50 चौरस मीटर आलं, तर सरासरी 46, गुणिले 20, म्हणजे त्या टप्प्यात 920 घनमीटर. ट्रॅक्टरच्या खेपा त्यावर ठरवा.