कुऱ्हाडे निम्मेच सापडतात

तुमच्या प्रश्नाचं सार असं: बी.कॉम., वय 29, सध्या टॅलीवर हिशेब. गणित कच्चं, इंग्रजी जेमतेम. प्रोग्रामिंग शिकायला पायथन घ्यावं की जावा? आणि एआय कोड लिहायला लागलंय, तर आता शिकून उपयोग काय? मी या धंद्यात 17 वर्षं आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी गणित. थ्रीडी गेम, मशीन लर्निंग, क्रिप्टोग्राफी यात पडायचं असेल तर गणित लागतंच. पण बिलं, साठा, कर्जाचे हप्ते, पगारपत्रक असल्या कामात शाळेतल्या गणितापलीकडे फारसं काही लागत नाही. तिथे लागतो तो हिशेबनिसाचा चिकटपणा. पायथनमध्ये 0.1 + 0.2 करून बघा, उत्तर 0.30000000000000004 येतं. एक तृतीयांश जसा दशांशात नेमका बसत नाही, तसा एक दशांश यंत्राच्या शून्य-एकच्या पद्धतीत बसत नाही. एखाद्याला याची गंमत वाटेल, पण रोज ताळेबंद जुळवणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येईल. पैशांच्या सॉफ्टवेअरला हा पोटात गोळा येणारा माणूस हवा असतो. (रकमा फ्लोटमध्ये, म्हणजे वरच्यासारख्या दशांश आकड्यांच्या प्रकारात, ठेवू नयेत, रुपयांऐवजी पूर्ण पैशांत ठेवाव्यात किंवा दशांश नेमका जपणारा डेसिमल प्रकार वापरावा, हे आत्ताच लिहून ठेवा.)

आता खरा गैरसमज. प्रोग्रामर दिवसभर कोड लिहीत बसतो असं तुम्हाला वाटतंय, आणि एआयची धास्ती त्यातूनच आली आहे. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. तक्रार आली की कुऱ्हाडे आडनावाचे सभासद शोधले की निम्मेच सापडतात. यादी काढली तर सगळे दिसतात! दीड दिवस मी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न), इंडेक्स (पटकन शोधायची सूची), डेटाबेसची सेटिंग्ज, सगळं उपसलं. शेवटी शाखेत गेले आणि काउंटरमागे खुर्ची टाकून बसले. नोंदी करणाऱ्या दोन ताई होत्या. एकीच्या कीबोर्डवर ऱ ला स्वतंत्र कळ होती. ती ऱ, पाय मोडायची खूण, मग ह अशी टाइप करायची. दुसरी इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची. तिचं साधन साधा र घ्यायचं, त्याचा पाय मोडायचं आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून तेच रूप काढायचं. पडद्यावर दोन्ही कुऱ्हाडे हुबेहूब एक, यंत्राच्या लेखी मात्र दोन वेगळी आडनावं.

दुरुस्ती चार ओळींची होती: साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपांचं एकच रूप करायचं. जुन्या नोंदी एकदा त्याच चाळणीतून काढल्या. त्या चार ओळी आज एआय क्षणात देईल, मीही त्याच्याकडूनच घेईन. पण त्याला काय विचारायचं, हे त्या खुर्चीवर बसल्याशिवाय मला कळलं नसतं. ‘सर्च चालत नाही’ एवढंच विचारलं असतं, तर त्यानेही मला इंडेक्सच तपासायला लावले असते.

इंग्रजीचं म्हणाल, तर एरर मेसेज आणि डॉक्युमेंटेशन वाचता आलं पाहिजे. त्यात तेच तेच शब्द येतात, सहा महिन्यांत सरावाचे होतात. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने तर 1975 मध्येच म्हटलं होतं की प्रोग्रामरची मोठी ठेव म्हणजे मातृभाषेवरची उत्तम पकड. अर्थात सोबत गणिती कल असावा, हेही त्याच वाक्यात आहे. तुमच्या सोयीचं तेवढंच सांगून मी मोकळी होणार नाही.

पायथन की जावा, यावर महिना घालवू नका. पायथन नवं आणि जावा जुनं अशी एक समजूत आहे, पण पायथन 1991 चं आणि जावा 1995 चं. तुम्ही पायथन घ्या, कारण एक्सेलच्या फायलींशी त्याचं पटकन जमतं. पाठांतर मात्र नको. मी अजूनही तारखेचा फॉरमॅट दर वेळी शोधून बघते.

वयाबद्दल गोड बोलत नाही. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत बऱ्याचदा पदवीच्या वर्षाची अट असते, तिथे तुमचा अर्ज चाळणीतच अडकेल. नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला लाखभर रुपये मोजूनही ती अट हलत नाही. अकाउंटिंगचं किंवा ईआरपीचं (धंद्याची खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम करणाऱ्या लहान कंपन्या बघा. डेबिट-क्रेडिट कळणारा प्रोग्रामर त्यांना सहज मिळत नाही.

सध्याची नोकरी सोडू नका. टॅलीतून मागच्या महिन्याची विक्री एक्सेलमध्ये काढा आणि 90 दिवसांवरच्या थकबाकीची यादी पायथनने करून दाखवा. ग्राहकांची नावं आधी बदला. अडलात तर एरर जशीच्या तशी इथे चिकटवा, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला तिरका फोटो नको.